14.7 ची भानगड

देवगड बंदराजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी टीव्ही यायचे, आता निम्मं काम बोटींचं. गेल्या वर्षी गणपतीनंतर एका ट्रॉलरला मी डबी करून दिली होती: 24 व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून केबिनमधल्या एलईडी पट्टीसाठी 12 व्होल्ट. आत व्होल्टेज उतरवणारा एलएम2596 आयसी. यंदा 31 जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपली, बोट पाण्यात गेली आणि आठवड्याच्या आत बोट चालवणारे तांडेलकाका जळकी पट्टी घेऊन दारात हजर.

"लाईट लायली की डोळे दिपतत रे. अर्ध्या तासान आपसूक बरी होता."

अख्खं उत्तर त्यांनी तिथेच दिलं होतं. मी मान डोलावली आणि डबी उघडली.

दुकानात भर दुपारी मोजलं तर 12.01. मीटरची बॅटरी उतरली की तो चढं दाखवतो, म्हणून तीही बदलून पाहिली. तेच. मग काही सुचेनासं झालं की आम्ही जे करतो ते केलं, आयसी बदलला. बाजारात नकली इतके येतात की दोष ढकलायला तो सोयीचा. तीन दिवसांनी दुसरी पट्टी गेली.

मग मीच पहाटे साडेपाचला मीटर घेऊन बोटीवर गेलो. पाऊस थांबलेला, पण केबिनच्या काचा आतून घामेजलेल्या. मीटर म्हणाला 14.7. पट्टीत तीन-तीन एलईडींची रांग असते. त्या साधारण 9.6 व्होल्ट घेतात, उरलेले 2.4 रेझिस्टन्सवर पडतात. इथे त्याच्यावर 5.1 पडत होते, म्हणजे करंट दुप्पट. जळेल नाही तर काय!

चार नंबरच्या पायावर मात्र 1.23 व्होल्ट, अगदी बरोबर. आयसी निर्दोष होता. 12 व्होल्ट म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं. चौथ्या पायावर 1.23 राहील एवढंच तो बघतो. आउटपुट ठरतं ते दोन रेझिस्टन्सच्या वाटणीवर: वरचा आउटपुटपासून चौथ्या पायापर्यंत, खालचा तिथून ग्राउंडला. वरच्या बाजूला मी 82 के (किलोओहम) आणि 5.6 के एकामागे एक जोडून लावले होते, खाली 10 के. गुणोत्तर चोख, 12 व्होल्ट. पण खालच्या 10 के ला कुणी चोरून समांतर वाट दिली, तर आउटपुट चढणारच. हिशोब केला: 40 के ची वाट असेल तर बरोबर 14.7.

डबी दुकानात आणली, चालू केली आणि आतल्या सर्किटच्या प्लेटवर तोंडाने वाफ सोडली. 12.0 वरून आकडा 13.6 पर्यंत चढला, मग हळूहळू उतरला. पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाणी ओढतं आणि करंट वाहू देतं. तो 10 के नेमका वायरच्या भोकापाशी होता, खारं वारं थेट त्याच्यावर. डबी तापली की ओल उडायची, म्हणून अर्ध्या तासाने "आपसूक बरी".

आधी प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. फरक नाही, कारण त्यात मीठ विरघळतच नाही. मग बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने ब्रशने धुतली, त्यावर आयसोप्रोपिल मारून पाणी घालवलं, सुकवली. आता वाफ सोडली तरी 12.0. मीठ न धुता वरून वार्निश मारलं असतं, तर ते आतच कोंडलं असतं.

आता माझी लाजिरवाणी बाजू. आयसीच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, स्पष्ट लिहिलंय, खालचा रेझिस्टन्स 240 ओहम ते 1.5 के च्या दरम्यान ठेवा. मी 10 के घातला बॅटरी वाचवायला! वाचला किती, तर सुमारे 1.1 मिलिअँपिअर, आणि आयसी स्वतःच 5 खातो. आता खाली 1 के, वर 8.2 के आणि 560 ओहम. तीच 40 के ची गळती झाली तरी आउटपुट 12.3 च्या पुढे जात नाही.

काकांनी पट्ट्यांचे पैसे मागितले नाहीत, मीच दिले. त्याच 10 के च्या आणखी तीन डब्या बंदरातल्या बोटींवर आहेत. दोघांना फोन लागला. तिसरी बोट समुद्रात आहे, रेंज नाही.