चौकटीआडचं निपल

२०१९ मध्ये वाशीम जिल्ह्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर मी रोलरचा हेल्पर म्हणून लागलो. ११ टनी व्हायब्रेटरी रोलर. पुढे लोखंडी ड्रम, मागे दोन मोठे टायर, मधे सांधा. गाडी वळते ती या सांध्यातून, म्हणून ग्रीसिंगचं मुख्य काम तिथंच.

सकाळी इंजिन चालू करण्याआधी ऑइलची पट्टी बघायची, कूलंट बघायचं, डिझेल फिल्टरखालचा कॉक सैल करून पाणी सोडायचं. एअर फिल्टरचं रबरी तोंड दाबलं की मुरुमाची मूठभर धूळ खाली पडायची. हे सगळं मी मनापासून करत होतो. दिसेल त्या प्रत्येक निपलला, म्हणजे ग्रीस आत सोडायच्या बारीक तोंडाला, गननं ग्रीसही मारत होतो.

दीडेक महिन्यानं वळताना करकर ऐकू यायला लागली. रोलर चालवणाऱ्या उस्तादांनी स्टेअरिंग इकडेतिकडे करून पाहिलं आणि विचारलं, “डाव्या जॅकच्या मागच्या पिनला ग्रीस मारतोस ना रे?”

जॅक म्हणजे गाडी वळवणारा हायड्रॉलिक सिलिंडर. त्याच्या मागच्या पिनचं निपल मला माहीतच नव्हतं. रोलर सरळ उभा असला की ते चौकटीआड जायचं. गाडी पूर्ण वळवली तरच गन पोचायची. उघडून बघितलं तर आतलं ग्रीस वाळून खडूसारखं झालेलं, पिनला चरे, पिनभोवतीची धातूची नळी, म्हणजे बुश, झिजून लांबट. नवी पिन-बुश बसेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोवर टँकरनं पाणी मारलेला मुरुमाचा थर उन्हात वाळून गेला. ओलावा उडाला की कितीही फेऱ्या मारा, दबाई बसत नाही. ग्रेडरनं तो थर पुन्हा उकरला, पुन्हा पाणी मारलं. ते बघताना मला फार लागलं.

उस्ताद रागावले नाहीत. दुसऱ्या सकाळी त्यांनी माझ्याकडून सगळं ग्रीसिंग पुन्हा करून घेतलं. ते गाडी वळवणार, मी त्यांना दिसेल असा लांब उभा. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, मगच आत शिरायचं. तिथं माणूस असताना कुणी स्टेअरिंग फिरवलं तर तो चिरडलाच. निपल आधी चिंधीनं पुसायचं, नाहीतर ग्रीसबरोबर धूळही आत जाते. गनचा दांडा किती वेळा दाबला ते मोजत बसायचं नाही. पिनच्या कडेनं काळं ग्रीस निघून मागून ताजं दिसेपर्यंत दाबायचं. गन कडक लागली आणि कडेनं काहीच आलं नाही, तर निपल तुंबलंय, तिथल्या तिथं बदलायचं.

आता मी स्वतः रोलर चालवतो. नवा हेल्पर आला की पहिल्या दिवशी गाडी आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवतो आणि दर वेळी ती बंद करून, किल्ली काढून, त्याच्याच हातानं प्रत्येक निपलाभोवती पिवळ्या रंगाचं कडं काढून घेतो.