वन्स मोअर

रविवार, रात्रीचे साडेदहा.

सकाळपासून पाऊस नुसता कोसळतोय. दुपारी लाईट गेली ती पाच वाजेपर्यंत नाहीच, फोंड्याला जायचं होतं तेही राहिलं. लॅपटॉपला चार्ज होता, पिच्चर आधीच उतरवून ठेवलेला, म्हणून बाल्कांवातच, दारापुढच्या ओसरीवर, खुर्च्या ओढल्या आणि आईला म्हटलं बस माझ्याबरोबर, इंग्लिश आहे पण तुला कळेल. "सिंगिंग इन द रेन", १९५२ चा. सुरुवातीला मी तिला मधे मधे समजावून सांगत होते, थोड्या वेळाने तीच म्हणाली, कळतंय गं, तू गप्प बघ.

मग ते पावसाचं गाणं आलं. हिरो जीन केली टॅक्सीला जा म्हणून सांगतो, छत्री मिटतो आणि भर पावसात गात सुटतो, पन्हळीखाली जाऊन उभा काय राहतो, डबक्यात लहान पोरासारखा थपाथप उड्या काय मारतो! आई पटकन म्हणाली, "अगो, ताप येईल त्याला." मी सांगितलं की ताप होताच, शूटिंगच्या वेळी अंगात १०३ डिग्री होता म्हणतात. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "आणि हसतोय बघ कसा."

मला हे जुने म्युझिकल का आवडतात ते मी कधी धड लिहिलेलं नाही, आज लिहिते. त्यांना गाण्याची लाज वाटत नाही. माणूस प्रेमात पडला, छाती भरून आली, बोलणं पुरेना, की गातो, बस. रस्त्यावर व्हायोलिनं कुठून आली असं कोणी विचारत नाही. आताच्या बऱ्याच पिच्चरमधे गाणं मागे कुठेतरी वाजत असतं आणि हिरो नुसता खिडकीतून बाहेर बघत असतो, जणू तोंड उघडून गायला तर लोक हसतील. मला त्याचं फार वाईट वाटतं. आणि नाच म्हणाल तर तेव्हा कॅमेरा लांब उभा राहून डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस दाखवायचा, फ्रेड अस्टेअर ह्या नाचणाऱ्या हिरोचा तर तसा हट्टच असायचा, तुकडे नकोत, पूर्ण नाच एका दमात दिसू दे. त्यात लपवायला जागाच नाही, येत असेल तरच उभं राहायचं.

आणि ते पावसाचं गाणं मुळात त्या पिच्चरचं नाहीच, १९२९ च्या एका पिच्चरमधलं आहे. म्हणजे १९५२ मधे सुद्धा ती माणसं मागे वळून जुन्या गोष्टीवर जीव टाकत होती, आणि गोष्ट पण मूकपट जाऊन बोलपट आले त्या काळाचीच.

आपल्याला खरं तर हे सगळं नवीन नाही. बाबा जत्रेच्या नाटकात काम करायचे. देवळासमोर मांडव, पेटी, तबला, रात्री उशिरा पडदा उघडणार आणि पहाटेपर्यंत चालणार. एकदा त्यांना बाण लागलेला, मरायला टेकलेले, आणि त्या अवस्थेत त्यांनी अख्खं पद म्हटलं, ताना घेऊन. लोकांनी वन्स मोअर दिला. बाबा उठून बसले, पेटीवाल्याकडे बघितलं, परत पहिल्यापासून म्हटलं आणि मग मेले. मी सात-आठ वर्षांची असेन, आईच्या मांडीवर बसून रडत होते, दोन्ही वेळा रडले. आजूबाजूच्या बायका पण पदर लावून बसलेल्या. कोणालाही ते खोटं वाटलं नाही.

हिंदीत माझा जीव "अलबेला"वर, १९५१ चा. भगवानदादांचा तो हात हलवत, कमरेत हळूच झुलत नाच, विसर्जनाला आजही लोक तसेच नाचतात. आणि सी. रामचंद्रांच्या त्या गाण्यांत ट्रम्पेट ऐकू येतो ना, तो आमच्या गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. एका गाण्यात तर तो बँडसकट पडद्यावर दिसतो. चर्चच्या शाळेत मेस्ताकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरकडे, नोटेशन शिकलेली आमची गोंयची पोरं मुंबईला गेली आणि हिंदी पिच्चरच्या ऑर्केस्ट्रात भरून राहिली, पण पडद्यावर नाव फार थोड्यांचं आलं. ती गाणी लागली की मला त्या ट्रम्पेटकडे कान लावावेसे वाटतात, म्हणून हेडफोन लावून ऐकते.

पिच्चर संपला तेव्हा काळोख पडला होता. मी लॅपटॉप मिटणार तर आई म्हणाली, तेवढं पावसाचं परत लाव. लावलं. ह्या वेळी ती शेवटाकडे जास्त बघत होती, पोलीस येऊन उभा राहतो, गाणं थांबतं आणि जाता जाता जीन केली आपली छत्री एका वाटसरूला देऊन टाकतो.

"दिली बघ," आई म्हणाली. बाहेर पाऊस चालूच होता.