डब्लिनचे साहित्यिक पब : फॅरिंग्टनची वाट चालून झाली

जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ या कथासंग्रहातल्या (१९१४) ‘काउंटरपार्ट्स’ या कथेतली वाट या खेपेला सलग चालून झाली. एकेक पब सुटा पाहण्यापेक्षा कथेच्या क्रमाने गेलं की शहर कळत जातं, हे माझं मत आता पक्कं झालं आहे.

फॅरिंग्टन हा या कथेचा नायक, एक कारकून. फ्लीट स्ट्रीटवर घड्याळ गहाण टाकताना दुकानातला माणूस पाच शिलिंग म्हणतो, हा सहावर अडून बसतो. ते सहा शिलिंग त्याच रात्री उडतात. म्हणून सुरुवात फ्लीट स्ट्रीटवरूनच करावी.

पहिला मुक्काम ड्यूक स्ट्रीटवरचं ‘डेव्ही बर्न्स’. कथेत इथे नोझी फ्लिन हे पात्र नेहमीच्या कोपऱ्यात बसलेलं असतं. जॉइसच्याच ‘युलिसिस’ कादंबरीमध्ये (१९२२) लिओपोल्ड ब्लूम याच पबमध्ये गॉर्गोन्झोला चीजचं सँडविच आणि बर्गंडीचा पेला घेतो, तेव्हाही हाच फ्लिन हजर! दोन पुस्तकं, एकच माणूस, एकच पब. साहित्यिक पब हिंडण्याच्या या छंदातली ही माझी सर्वांत लाडकी जागा. मात्र आतली आजची सजावट जॉइसच्या काळानंतरची आहे. भिंतींवरची चित्रं सेसिल फ्रेंच सॉल्केल्डची. हा आयरिश लेखक ब्रेंडन बीहनचा सासरा. चित्रं सावकाश पाहण्यासारखी आहेत. १६ जूनला, म्हणजे ‘युलिसिस’ ज्या दिवशी घडते त्या ब्लूम्सडेला, इथे पाय ठेवायला जागा नसते. निवांत वाचायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

मग मागे वळून ‘बॅलास्ट ऑफिस’ या जुन्या इमारतीच्या कोपऱ्यावरून लिफी नदीकडे. कथेतला पुढचा पब ‘स्कॉच हाउस’ आता उरलेला नाही. तिथला परिच्छेद मी लिफीच्या काठावर उभं राहूनच वाचला.

शेवट पूलबेग स्ट्रीटवरच्या ‘मलिगन्स’मध्ये. १८५४पासून हा पब याच रस्त्यावर आहे. मागच्या खोलीत फॅरिंग्टन वेदर्स नावाच्या कसरतपटू पोराशी पंजा लढवतो आणि हरतो. पुन्हा लढतो, पुन्हा हरतो. टेबलापाशी बसून हे वाचताना त्याची चीड अंगावर येते, कारण पुढे ती कुणावर निघणार हे आपल्याला ठाऊक असतं: घरी पोहोचल्यावर तो आपल्या लहान मुलाला काठीने मारतो. खिशात तेव्हा दोन पेन्स उरलेले असतात. जॉइसने पैशांचा हिशेब इतका चोख ठेवला आहे की प्रत्येक मुक्कामाला त्याचा खिसा हलका होताना दिसतो. कथा सोबत नेणार असाल तर हा भाग इथेच वाचा, आधी नको.

दारू न घेणाऱ्यांनीही बिनधास्त जावं. चहा किंवा सोडा मागितला तर कुणी वळूनही पाहत नाही.

कथेची वाट संपली; आता पाळी ‘पॅलेस बार’ची. हाही फ्लीट स्ट्रीटवरच, १८२३चा. ‘आयरिश टाइम्स’चे संपादक स्माइली यांची लेखकमंडळी मागच्या खोलीत जमायची. त्यानंतर हॅरी स्ट्रीटवरचं ‘मॅकडेड्स’, बीहन आणि कवी पॅट्रिक कॅव्हानाचा अड्डा. कॅव्हानाच्या कविता वाचायला घेतल्या आहेत.