कागदी केक: खालचा मजला उभा, वरचा अजून डब्यात

खालचा मजला काल रात्री पुरा झाला. दुसऱ्यांदा पुरा झाला, असं म्हणायला हवं.

आधी हिशेब. कागदाचे तुकडे दुमडून केलेल्या, एकमेकांत खोचायच्या त्रिकोणी घटकांचा (ओरिगामी) दोन मजली केक, प्रत्येक त्रिकोणाला दोन टोकं आणि दोन खिसे. एका ए४ कागदाचे ३२ तुकडे, म्हणजे एक तुकडा साधारण ५३ × ३७ मिमी. खालच्या मजल्याला ३६ त्रिकोणांचं कडं, नऊ ओळी, एकूण ३२४. वर २४ चं कडं, सात ओळी, १६८.

चॉकलेटी केकवरून पांढरं क्रीम ओघळतंय असं मला हवं होतं. चौथ्या ओळीत दर सहा त्रिकोणांत एक पांढरा, पाचवीत दोन, सहावीत तीन, असं करत आठवीत पाच. नववी सगळी पांढरी. प्रत्येक त्रिकोण खालच्या दोन शेजाऱ्यांचं एकेक टोक खिशात घेतो, त्यामुळे रंग अर्धं घर सरकत वर चढतो आणि ओघळ आपोआप खाली निमुळता होतो. सहा ओघळ, १२६ पांढरे. चार कागदांत १२८ निघतात. दोनच जादा, म्हणजे तिसरा फाटला की पाचवा कागद कापायला घ्या!

आता घोळ. चॉकलेटी कागद १०० जीएसएमचा होता (चौरस मीटरमागे ग्रॅम; आकडा मोठा तसा कागद साधारण जाड). पांढरा मात्र प्रिंटरमधला उचलला, ७० चा. पांढरा तो पांढरा, त्यात काय बघायचं? सहाव्या ओळीपर्यंत काहीच जाणवलं नाही. आठवीला कडं आत ओढलं जायला लागलं. पातळ कागदाचा त्रिकोण जाडीला कमी, म्हणून पांढरे वाढत गेले तसा घेर आवळत गेला. बाजूने पाहिलं तर केक कसला, मडकं! वर पांढऱ्यात पांढरा इतका सैल की उचलताना दोन-तीन हातात आले. डिंक लावून भागवता आलं असतं, पण घेर डिंकाने वाढत नाही. चौथ्या ओळीपर्यंत सगळं उसवलं आणि १०० जीएसएमच्या पांढऱ्यात १२८ त्रिकोण नव्याने दुमडले. एकाला चाळीस सेकंद धरले तरी दीड तास गेला.

त्या दीड तासात एक गोष्ट हाताला कळली. त्रिकोण दुमडताना मधोमध खूण करून दोन्ही बाजू खाली आणताना त्या एकमेकींना अगदी भिडवू नयेत. केसाएवढी फट ठेवली की शेवटची दुमड सरळ बसते आणि दोन्ही टोकं सारख्या उंचीची येतात. भिडवल्या तर मधे कागद फुगतो, नखाने कितीही दाबा. माझे पहिले शंभरेक असेच फुगीर आहेत. ते मुद्दाम तळाच्या ओळींत लपवलेत.

हे काम कंटाळवाणं वाटायला लागलं की मला गोल्डन व्हेंचर आठवतं. १९९३ साली न्यूयॉर्कजवळ रुतलेल्या त्या जहाजातले चिनी स्थलांतरित पुढे पेनसिल्व्हेनियात स्थानबद्ध होते, तिथे त्यांनी मासिकांच्या कागदातून अशीच शिल्पं घडवली. अमेरिकेत कित्येकजण या पद्धतीला त्या जहाजाच्याच नावाने ओळखतात. माझ्याकडे निदान कटर आणि मोजपट्टी आहे.

पुढचं: वरच्या मजल्याखाली पुठ्ठ्याची चकती, कारण कड्याला तळ नसतो. २४ चं कडं बंद करताना वळण घट्ट येतं, शेवटचा त्रिकोण बसवेपर्यंत पहिले निसटतात. म्हणून पहिल्या तीन ओळी एकदमच विणत न्यायच्या आणि कडं बंद झाल्यावरच ते वाटीसारखं वर वळवायचं. माथ्यावर पाच चौकोनी कागदांच्या पाकळ्या जोडून केलेलं कुसुदामा (जपानी कागदी) फूल. तिथे मात्र डिंक लागतोच, ओरिगामीत डिंक नको म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांनी डोळे मिटून घ्यावेत.

वरच्या मजल्याचे गुलाबी त्रिकोण ९६ तयार आहेत, ७२ बाकी. या वेळी गठ्ठ्यावरचा जीएसएम आधी वाचला.