बार्बरा गॉर्डनला गोळी कशासाठी लागली?

सुपरहिरो कॉमिक्समधल्या बायकांचा विषय निघाला की गाडी कपड्यांवरच अडते, असल्या स्विमसूटमध्ये मारामारी कोण करतं वगैरे. ते आहेच, पण माझ्या जास्त डोक्यात जातं ते हे की भयंकर काहीतरी होतं बाईला आणि गोष्ट असते तिच्या बापाची नाहीतर बॉयफ्रेंडची.

बार्बरा गॉर्डनचंच घ्या ना. १९६७ पासूनची बॅटगर्ल (बॅटमॅनच्या जगातली हिरॉइन), लायब्ररियन, पीएचडी, मध्ये एकदा तर अमेरिकन काँग्रेसवर निवडून पण आलेली (खरंच!). आणि १९८८ च्या 'द किलिंग जोक' या बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये ती मैत्रीण आली असेल म्हणून दार उघडते तर समोर फुलाफुलांचा हवाईयन शर्ट घातलेला, कॅमेरा घेतलेला जोकर, बॅटमॅनचा शत्रू, सरळ गोळीच घालतो, ती जाते मणक्यात. का, तर तिच्या बाबांना, पोलीस कमिशनर गॉर्डनला, वेड लावायचंय म्हणून. तिच्याशी भांडण असं काहीच नाही. शेवटी बॅटमॅन आणि जोकर पावसात उभे राहून हसतात, आणि बार्बरा हॉस्पिटलमध्ये. ब्रायन बोलंडची चित्रं जबरदस्त आहेत म्हणून तर अजूनच चिडचिड होते.

तिला वाचवलं ते किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक नवराबायकोनं. १९८९ मध्ये त्यांच्या 'सुइसाइड स्क्वाड' या कॉमिकमध्ये ओरॅकल नावाचं कुणीतरी कॉम्प्युटरवरून माहिती पुरवायला लागतं, कोण ते कळत नाही, आणि नंतर उलगडतं की ही तर आपली बार्बरा, व्हीलचेअरवर बसून सगळ्यांची सूत्रं हलवतीये. पुढे 'बर्ड्स ऑफ प्रे' या कॉमिकमध्ये ब्लॅक कॅनरी या हिरॉइनला ती कानात सूचना देत असते, बॅटमॅनपण अडला की तिलाच विचारतो. १९९३ ला बेन नावाच्या व्हिलननं बॅटमॅनची पाठ मोडली तर साहेब थोड्याच काळात ठणठणीत, हिला मात्र कुणी उठवलं नाही, हा अन्यायच, पण त्यातूनच ती बॅटगर्लपेक्षा भारी झाली असं माझं ठाम मत आहे.

२०११ ला तिला पायावर उभं करून परत बॅटगर्ल केलं. लिहिलं गेल सिमोननं, जिने १९९९ मध्ये कॉमिक्समधल्या अशा मारलेल्या-मोडलेल्या बायकांची यादीच नेटवर टाकली होती, त्यामुळे लिखाण चांगलंय, पहिल्याच अंकात व्हिलन बंदूक रोखतो आणि ती जागच्या जागी थिजते ते पान तर कमालच. पण व्हीलचेअरवरच्या हिरॉइनी होत्याच किती हो? मला माझी ओरॅकलच हवी होती.