जर्मनीत बँक खातं: आधी पत्रपेटीवर नाव लावा

लातूर, नांदेड, संभाजीनगरहून जर्मनीत शिकायला गेलेल्या पोरांचं घोडं हमखास बँकेपाशी अडतं. ब्लॉक्ड अकाउंटात, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो पडलेले असतात, पण महिन्याचे 992 युरो हाती यायला तिथलं चालू खातं, म्हणजे गिरोकोन्टो, लागतं.

आधी घरमालकाकडून राहत असल्याचा सही केलेला दाखला घ्या. पत्ता नोंदवायला नुसता भाडेकरार चालत नाही. घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करा, मग नोंदणीचा कागद आणि पासपोर्ट घेऊन बँक गाठा. अर्जातलं नाव पासपोर्टात आहे अगदी तसंच लिहा. वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं असेल तर तेही. एवढ्यातेवढ्या फरकाने ओळख पडताळणी अडकते.

कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांतून टपालाने येतात. तिथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. नाव नाही, तर पाकीट परत. आपल्याकडं ‘मारुतीच्या देवळामागं’ एवढ्यावर पत्र पोचतं, तिथं नाही. मित्राकडे राहत असाल तर त्याच्या पेटीवर तुमच्याही नावाची चिठ्ठी चिकटवा.

गावाकडचं बचत खातं फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यानुसार एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. इथलं घरभाडं त्यात जमा होतं, आणि व्याजावर 30 टक्के टीडीएस कापला जातो, वर अधिभार-उपकर. परदेशातली कमाई एनआरईमध्ये, म्हणजे बाहेरून आणलेल्या पैशासाठीच्या अनिवासी खात्यात ठेवा. ते व्याज करमुक्त. आणि भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, इथल्या बँकेचा ओटीपी बहुधा त्यावरच येतो.