शेवटचा मजला, तापलेला स्लॅब आणि एसीचा निर्णय

पुण्यातील आमचे घर इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दिवसापेक्षा रात्रच अधिक जड जाते. दिवसभर तापलेला स्लॅब साठवलेली उष्णता रात्री खाली सोडू लागतो आणि पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलत राहतो. वडिलांची झोप वयोमानाने आधीच कमी झालेली, त्यामुळे एसी घ्यायचा हे घरात जवळजवळ ठरले होते. दुकानदाराने खोलीचे माप न विचारताच निकाल दिला, "साहेब, टॉप फ्लोअर आहे ना, मग दोन टनच घ्या." सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला दोन टन, म्हणजे गार करण्याची एवढी क्षमता, मला पटेना. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट गार करते, पण हवेतील दमटपणा काढायला त्याला पुरेसा वेळ मिळत नाही.

खरेदी लांबणीवर टाकून मी एक तापमापक खोलीत आणि दुसरा बाल्कनीत टांगला. रात्री अकराच्या सुमारास बाहेर 27 अंश असताना खोलीत 34 अंश असत. म्हणजे गार हवा भिंतीपलीकडेच होती, ती आत येत नव्हती इतकेच. पुण्याची हवा उन्हाळ्यात कोरडी असते आणि रात्री पारा चांगलाच उतरतो, म्हणून येथे हा मार्ग शक्य होता. मुंबईत, जेथे मे महिन्यातील रात्रीही दमट आणि उबदारच असतात, तेथे केवळ खिडक्या उघडून फारसे साधले नसते.

हवा आत का येत नाही, याचे उत्तर खिडकीच्या चौकटीतच सापडले. सरकत्या काचांची खिडकी कितीही रुंद दिसली, तरी उघडते निम्मीच, आणि त्या निम्म्या भागावरही डासांची जाळी. शिवाय प्रत्येक खोलीला एकाच बाजूला खिडकी असल्याने, हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आत शिरतच नाही. जुन्या घरांत दारांवर झडपा असत. आमच्याकडे त्या नाहीत, म्हणून खोल्यांची दारे रात्रभर उघडी ठेवून स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा चालू ठेवू लागलो. सकाळी आठच्या आत सगळ्या खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले, हा त्याचाच दुसरा भाग. दुपारी वारा हवा म्हणून खिडक्या उघडणे म्हणजे लू घरात बोलावणेच.

खरा फरक मात्र गच्चीमुळे पडला. सोसायटीची परवानगी काढून, रात्रभर भिजवून गाळलेल्या चुन्यात डिंक मिसळून गच्चीला दोन हात दिले. पांढरा पृष्ठभाग ऊन बऱ्याच अंशी परतवतो, त्यामुळे स्लॅब मुळात तापतोच कमी. खोलीतील रात्रीचे तापमान 31 अंशांच्या आसपास आले. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दर उन्हाळ्याच्या तोंडाशी करावे लागणार, हे मान्य करूनच ते हाती घ्यावे.

तरीही एसी घेतलाच. मात्र एक टनाचा, इन्व्हर्टर प्रकारचा (म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) आणि फक्त वडिलांच्या खोलीत. त्यांना धुळीचा त्रास असल्याने खिडकी रात्रभर उघडी ठेवणे सोयीचे नव्हते, आणि वळवाच्या आधीच्या ढगाळ, कोंदट रात्री वाराच पडलेला असतो. 2020 पासून नवे एसी सुरू होताना 24 अंशांवर असतात. आम्ही ते तापमान 27 वर नेऊन पंखा मंद ठेवतो आणि वडिलांची तक्रार नाही. त्यामुळे वीजही कमी लागते. महावितरणच्या बिलात 100, 300 आणि 500 युनिटांनंतर दर चढत जात असल्याने हा फरक किरकोळ नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुनःपुन्हा फिरवतो, म्हणून झोपण्यापूर्वी थोडा वेळ खिडकी पूर्ण उघडण्याचा नेम ठेवला आहे.

मुलांच्या खोलीचा निर्णय अजून व्हायचा आहे. तेथे सरकत्या चौकटी काढून पूर्ण उघडणाऱ्या बिजागरीच्या खिडक्या बसवण्याचा खर्च जवळजवळ एका लहान एसीइतकाच सांगितला गेला आहे. माझा कल खिडक्यांकडे आहे, मुलांचा अर्थातच एसीकडे.